रिबेकाचा माग : प्रकल्प नोंदी

२८ एप्रिल २०२४, सेंट चार्ल्स, मिझुरी

विहीणबाईंनी आज एक पिवळा पडलेला टंकलिखित कागद हातात ठेवला. त्यांच्या आईच्या कपाटात सापडलेला. वरून खाली आठ पिढ्यांची नावं, मध्ये बाण. सगळ्यांत वर डॅनियल बून आणि त्याची बायको रिबेका, खाली त्यांची मुलगी जेमायमा, आणि असं उतरत उतरत विहीणबाईंच्या आईपर्यंत. कुणी टंकला, कशावरून टंकला, काही लिहिलेलं नाही.

डॅनियल बून हे नाव इथे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. अठराव्या शतकात ॲपलाचियन डोंगर ओलांडून केंटकीत वस्ती नेणारा शिकारी. नातीला उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांच्या बाजूचा वंशवृक्ष करायचा आहे, आणि तिने मला विचारलं, "आजोबा, हे खरं आहे का?"

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. खरं आहे का, हा प्रश्न मी चौतीस वर्षं कागदांना विचारत आलो. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. काम घेतलं.

नातीशी ठरलेले नियम: प्रत्येक नावासमोर पुरावा. पुरावा नसेल तर नाव पेन्सिलीने. आणि माग डॅनियलचा नको, रिबेकाचा काढायचा. डॅनियलवर पुस्तकांचे ढीग आहेत. ही बाई त्याच्यासोबत ५६ वर्षं राहिली, तिला दहा मुलं झाली, आणि तिच्या हातचा एकही शब्द मागे उरलेला नाही.

३ मे

खालून सुरुवात केली. विहीणबाईंची आई, आजी, पणजी: जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, जनगणना. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५० पर्यंतची घरबसल्या दिसतात. १८९० ची मात्र जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीत गेली, तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. चार पिढ्या तीन दिवसांत पक्क्या झाल्या. नात शाईने लिहिते आहे.

पण १८५० च्या मागे गेलं की जमीन सरकते. त्याआधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे; बाकी घर म्हणजे वयोगटानुसार नुसते आकडे. त्यातून केंटकीची १७९० आणि १८०० ची पानं हरवलेली, मिझुरीची १८१० आणि १८२० ची हरवलेली. रिबेका वारली १८१३ मध्ये. म्हणजे तिचं नाव अमेरिकेच्या एकाही जनगणनेत नाही, आणि असणं शक्यही नव्हतं. तिला शोधायचं तर जमिनीच्या, लग्नाच्या, कोर्टाच्या कागदांत आणि दुसऱ्यांच्या आठवणींतच शोधावं लागेल.

९ मे

वरचं टोक. रिबेका ब्रायन, जन्म ९ जानेवारी १७३९, व्हर्जिनियात. काही ठिकाणी हीच तारीख १७३८/३९ अशी लिहिलेली दिसली आणि नात गोंधळली. तिला समजावलं: १७५२ पर्यंत इंग्रजांच्या मुलखात वर्ष २५ मार्चला पालटायचं. जानेवारी जुन्या हिशोबाने सरत्या वर्षात पडायचा, म्हणून दोन्ही साल लिहीत. त्याच साली त्यांनी ११ दिवस गाळून पंचांग सुधारलं. डॅनियलचा जन्म त्यामुळे कुठे २२ ऑक्टोबर १७३४ आहे, कुठे २ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर. शके आणि इसवी सनाची सांगड घालताना चैत्राआधीच्या महिन्यांत आपणही असेच अडकतो, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही दोन-दोन वाढदिवस?" आहेत. माझा तिथीने वेगळा, शाळेच्या दाखल्यावर वेगळा.

रिबेकाचे आजोबा मॉर्गन ब्रायन कुटुंबकबिला घेऊन १७४८ मध्ये व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीच्या खोऱ्यात गेले. पेनसिल्व्हेनियातून आलेलं बून कुटुंबही दोन-तीन वर्षांत त्याच खोऱ्यात उतरलं. दोन घराण्यांत सोयरिकी झाल्या. डॅनियलची बहीण मेरी ब्रायनांकडे गेली. रिबेकाची बहीण मार्था डॅनियलचा भाऊ एडवर्ड याला दिली. रिबेका आणि डॅनियल यांचं लग्न १४ ऑगस्ट १७५६ ला झालं, आणि ते लावलं डॅनियलच्या वडिलांनी, कारण ते तिथले न्यायाधीश होते. ती सतरा वर्षांची. संसाराच्या पहिल्याच दिवसांत दिराची दोन पोरकी मुलं तिच्या पदरात आली.

तिचे वडील जोसेफ ब्रायन. आईच्या नावावर मात्र एकमत नाही. वेगवेगळ्या वंशवृक्षांत वेगवेगळं नाव, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं उतरवून घेतलेलं. आईची चौकट पेन्सिलीने सोडली.

रात्री सांगलीला आत्याला फोन केला. वय ९१. विचारलं, आईचं माहेरचं नाव काय होतं? आत्या म्हणाली, "आडनाव विचारतोस की नाव? लग्नात नाव बदललं की तिचं. आम्ही पार्वतीच म्हणायचो." जन्मनाव आत्यालाही माहीत नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा पुसलं जायचं. रिबेकाचं निदान तेवढं तरी राहिलं.

१५ मे

आज जुन्या खरेदीखतांच्या प्रतिमा पडद्यावर वाचल्या. नातीला शाळेत वळणदार जोडअक्षरी लिहायला शिकवलेलंच नाही, तिला ही पानं चित्रासारखी दिसतात. मला आठवीत गुरुजींनी छडी घेऊन ते इंग्रजी वळण शिकवलं होतं. मी अक्षर लावतो, ती उच्चार दुरुस्त करते. शब्दाच्या मधला लांब 'स' फ-सारखा दिसतो, एवढी एक खुबी कळली की पुढे गाडी चालते. आडनावांची मात्र दैना आहे. बूनचं स्पेलिंग कधी शेवटच्या अक्षरासकट, कधी त्याशिवाय, ब्रायनचं ब्रायंट, जेमायमाच्या सासरच्या कॅलवेचे तर चार प्रकार. मोडीतले दस्त वाचताना जी सवय लागली ती इथे उपयोगी पडली: नाव डोळ्यांनी वाचायचं नाही, तोंडाने वाचायचं.

आणि मग ती सापडली. जमीन विकल्याचा दस्त, नवऱ्याची सही, आणि त्याखाली रिबेकाचं नाव कारकुनाच्या अक्षरात, नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक फुली. फुलीच्या वर 'तिची', खाली 'खूण'. तिला लिहिता येत नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकलो. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असते, बाईच्या नावापुढे बांगडीची निशाणी असते. लेखनिकाने नाव घातलं, पण ती रेघ तिची. नातीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे तिने स्वतः काढलं?" मूळ दस्तावर हो. आपण बघतोय ती नोंदवहीतली नक्कल असेल तर कारकुनाने तिच्या फुलीची फुली काढली. हा फरक वहीत लिहून ठेवायला सांगितला.

बायकोचं नाव दस्तावर का आलं, हेही महत्त्वाचं. त्यांच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याच्या हाताखाली जायची, पण नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा एक तृतीयांश हक्क असायचा, तिच्या हयातीपुरता. नवऱ्याने जमीन विकली आणि बायकोने हक्क सोडला नाही, तर घेणाऱ्याच्या मागे पुढे लचांड लागे. म्हणून बाईला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचे: स्वखुशीने सोडतेस ना, कुणाचा दाब नाही ना? मग तसं लिहायचे. त्या काळातल्या निरक्षर बाईचं बोलणं सरकारी कागदावर उमटायची ही जवळजवळ एकच जागा. आपल्याकडे बहिणींची हक्कसोडपत्रं मी शेकड्यांनी पाहिली. 'स्वखुशीने' हा शब्द वाचला की मला त्या खोलीतली शांतता ऐकू येते.

२२ मे

आजची नोंद लिहायला जड.

सप्टेंबर १७७३ मध्ये डॅनियल आणि रिबेका याडकिनची जमीन विकून, आठ मुलं घेऊन केंटकीकडे निघाले. धाकटा जेसी चार महिन्यांचा. थोरला जेम्स सोळा वर्षांचा. त्याला पीठ आणि जनावरं आणायला मागे पाठवलं होतं. १० ऑक्टोबरच्या पहाटे पॉवेल खोऱ्यात त्याच्या लहानशा तुकडीवर हल्ला झाला. मुख्य तळ पुढे अवघ्या काही मैलांवर होता. जेम्स आणि त्याच्याच वयाचा हेन्री रसेल यांना हाल करून मारलं. हल्लेखोरांत बिग जिम नावाचा शॉनी, म्हणजे शॉनी या तिथल्या आदिवासी जमातीतला माणूस होता, आणि तो बूनच्या घरी येऊन गेलेला होता. जेम्स त्याला ओळखत होता.

रिबेका तळावर होती. तिने पोराला गुंडाळायला घरातली तागाची चादर दिली. दीर स्क्वायर ती घेऊन मागे गेला आणि त्याने मुलांना पुरलं. केंटकीत नवा संसार मांडायला बांधून घेतलेलं कापड. दहा मुलांच्या आईबद्दलचे एवढे कागद चाळले, पण तिच्या हाताने केलेली एवढी स्पष्ट कृती मला दुसरी सापडली नाही.

आता साक्षीदार कोण, हे बघायलाच हवं. जेम्स कसा मेला हे आपल्याला ॲडममुळे माहीत आहे. ॲडम हा रसेल कुटुंबाचा गुलाम. तो नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांत लपला आणि त्याने सगळं पाहिलं. रानातून वाट काढत वस्तीवर परतायला त्याला अकरा दिवस लागले. त्याच तुकडीतला दुसरा गुलाम, चार्ल्स, मारला गेला. बून घराण्याच्या सगळ्यांत मोठ्या दुःखाची हकीकत ज्याच्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत आली, त्याचं आडनावसुद्धा कुणी टिपलं नाही. नातीने वंशवृक्षाच्या कागदावर बाजूला एक चौकट काढून त्यात 'ॲडम' आणि 'चार्ल्स' लिहिलं. ते आपल्या वंशातले नाहीत असं मी म्हणालो नाही.

सगळा जथा मागे फिरला. रिबेकाने तो हिवाळा क्लिंच नदीच्या खोऱ्यात दुसऱ्याच्या झोपडीत काढला.

३० मे

माझ्या खात्यातला पहिला प्रश्न: मूळ धारक कोण?

मार्च १७७५, सिकमोर शोल्स. रिचर्ड हेंडरसन नावाच्या न्यायाधीशाच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकी या दुसऱ्या आदिवासी जमातीच्या प्रमुखांकडून सुमारे दोन कोटी एकर विकत घेतले, मालाच्या बदल्यात. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी पुढाऱ्याने तिथेच विरोध केला. त्याआधी १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला इरोक्वाय लोकांनी ओहायोच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला होता. त्या मुलखात शिकार करायचे ते शॉनी, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पुढे व्हर्जिनियाने १७७८ मध्ये हेंडरसनची खरेदी रद्द ठरवली. म्हणजे एका जमिनीला तीन दावेदार, आणि जो तिथे वावरतो त्याची सही एकाही कागदावर नाही. असा फेरफार माझ्या टेबलावर आला असता तर मी मंजूर केला नसता.

हे नातीला समजलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या लढायांचं मूळ इथे आहे. जेम्सला मारणाऱ्यांची क्रूरता क्रूरताच आहे. पण जेम्स कुणाच्या तरी रानात शिरत होता, हेही त्याच पानावर लिहायचं.

त्याच महिन्यात डॅनियल तीसेक माणसं घेऊन कंबरलँड खिंडीतून कुऱ्हाडीने वाट पाडत गेला आणि केंटकी नदीवर बून्सबरोची गढी उभी राहिली. रिबेका आणि जेमायमा सप्टेंबरमध्ये तिथे पोचल्या. त्याआधी त्याच उन्हाळ्यात रिबेकाला एक मुलगा झाला, विल्यम. तो जगला नाही.

६ जून

जेमायमा. आमच्या कागदावरची दुसरी कडी.

१४ जुलै १७७६. ती आणि कॅलवेंच्या दोन मुली, बेट्सी आणि फॅनी, होडीत बसून नदीवर गेल्या असताना चेरोकी-शॉनी टोळीने त्यांना पळवलं. मुलींनी वाटेत टाचांनी माती उकरली, फांद्या मोडल्या, कापडाच्या चिंध्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी डॅनियलच्या माणसांनी त्यांना सोडवलं. नात आता अकरा वर्षांची आहे, जेमायमा तेव्हा तेराची. हा भाग तिने तीनदा वाचून घेतला.

मला मात्र १७७८ जास्त महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारीत डॅनियल शॉनींच्या हाती लागला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं, शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं नाव दिलं. वस्तीत बातमी काय? मेला, किंवा फितूर झाला. रिबेकाने वाट पाहिली आणि मग मुलांना आणि सामान घोड्यांवर घालून शेकडो मैल मागे, याडकिनला माहेरी गेली. जूनमध्ये डॅनियल निसटला, चार दिवसांत १६० मैल तुडवत गढीत आला, तर घर रिकामं. जेमायमा तेवढी थांबली होती. तिचं फ्लँडर्स कॅलवेशी लग्न झालेलं होतं.

रिबेकाच्या या प्रवासाला पुस्तकांत एक वाक्य मिळतं. विधवा झालो असं समजून एक बाई लहान मुलांना घेऊन युद्धाच्या दिवसांत डोंगर ओलांडते, यावर कुणीही रेंगाळत नाही. आणि सव्वा वर्षाने, १७७९ च्या पानगळीत, ती पुन्हा केंटकीला आली. तो हिवाळा इतका कडक होता की लोक त्याला नुसतं 'कडक हिवाळा' म्हणूनच ओळखतात. मार्च १७८१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, तिला शेवटचा मुलगा झाला, नेथन. ऑगस्ट १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्रेल बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

नेथन महत्त्वाचा, कारण रिबेकाची घरातली जी काही माहिती आहे, तिचा मोठा भाग त्याच्या तोंडून आला. १८५१ च्या शरदात लायमन ड्रेपर नावाचा संग्राहक मिझुरीत नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांच्याकडे जाऊन राहिला आणि सांगतील ते उतरवून घेत गेला. ड्रेपरने जमवलेले कागद विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत जवळजवळ ५०० खंडांत आहेत. म्हातारी माणसं बोलत असताना कुणीतरी समोर बसून लिहिलं, म्हणून हे उरलं. पण लक्षात ठेवायचं: नेथन जन्माआधीच्या गोष्टीही सांगतो. त्या त्याने आईकडून ऐकल्या असतील, पण पाहिलेल्या नाहीत. वहीत दोन रंग केले. पाहिलेलं निळं, ऐकलेलं हिरवं.

११ जून

एक कुजबुज सगळीकडे भेटते: डॅनियल दीर्घकाळ बाहेर असताना जेमायमा झाली आणि ती दुसऱ्याची, बहुधा डॅनियलच्याच भावाची. कथेत वर्षं बदलतात, भावाचं नाव बदलतं. जो सांगतो तो प्रत्येकजण दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगतो. लिहिता न येणाऱ्या बाईबद्दल गावाने काय बोलावं, ते गाव बोललं. तिचं म्हणणं कुठे नाही. डॅनियलने जेमायमाला मुलगी मानलं, तिच्या मागे रानात धावला, म्हातारपणी तिच्या घरी राहिला. ही कुजबुज वंशवृक्षात घेणार नाही. विहीणबाईंनी विचारलं तर सांगेन, लपवणार नाही.

१३ जून

'डॅनियलने रात्रीच्या शिकारीत रिबेकाच्या डोळ्यांना हरणाचे डोळे समजून बंदूक रोखली' ही गोष्ट बाद. घरच्यांनीच नाकारलेली आहे. चेरी तोडताना त्याने तिचा नवा एप्रन चाकूने कापून तिचा राग तपासला, ही हिरव्या रंगात.

२० जून

केंटकीतले जमिनीचे व्यवहार. चार दिवस यातच गेले, आणि मन लागलं.

व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने जुन्या वसाहतकऱ्याला ४०० एकर आणि लगतचे १,००० एकर घ्यायचा पहिला हक्क मिळायचा. पण आधी सरकारी मोजणी आणि मग वाटप, असा क्रम नव्हताच. ज्याने त्याने आपला मोजणीदार आणायचा आणि हद्द लिहायची: पांढऱ्या ओकपासून इतके पोल उत्तरेला, दोन साखर-मेपलपर्यंत, तिथून ओढ्याच्या काठाने. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. वाचताना थेट आपली चतुःसीमा आठवते, पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाऊलवाट. फरक इतकाच की आपल्या चतुःसीमेत शेजाऱ्याचं नाव असतं. इथे शेजारी कोण ते कुणालाच माहीत नाही, म्हणून एकावर एक दावे चढले, कौलं चढवावीत तसे. डॅनियल स्वतः मोजणी करायचा. रानात त्याच्याइतकी वाट कुणाला कळत नव्हती, पण कागद वेळेवर नोंदवणं त्याला जमलं नाही. १७८० मध्ये वॉरंट, म्हणजे जमिनीची सरकारी हक्कपत्रं, घ्यायला निघाला असताना लोकांनी विश्वासाने दिलेले हजारो डॉलर वाटेत चोरीला गेले. पुढे दाव्यांमागून दावे, आणि जमीन गेली.

या काळात रिबेका काय करत होती? ओहायो नदीवरच्या लाइमस्टोन बंदरात, आताच्या मेजव्हिलमध्ये, कुटुंबाची खाणावळ होती. नदीने उतरणारे वसाहतकरी तिथे जेवायचे, झोपायचे. तो कारभार तिने ओढला. आणि एकटीने नाही: १७८७ च्या करयादीत बूनच्या नावावर सात गुलाम आहेत. नावं नाहीत, आकडा आहे. नातीने विचारलं, "मग स्वयंपाक कोण करायचं?" मी म्हणालो, तुझा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर या सात माणसांपाशी आहे. हे पान विहीणबाईंना दाखवायला नात कचरत होती. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, लिही.

३० जून, रविवार

मार्थासव्हिलला गेलो. इथून नदीच्या कडेकडेने तासाभराची वाट.

१७९९ मध्ये कुटुंब मिझुरीत आलं. तेव्हा हा स्पेनचा मुलूख. डॅनियलला १,००० आर्पां, म्हणजे सुमारे ८५० एकर मिळाले, आणि फेम ओसाज भागाचा न्यायनिवाडाही. पण दस्त न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेऊन पुरा केला नाही. मुलूख अमेरिकेकडे आल्यावर १८०९ मध्ये आयोगाने दावा फेटाळला. काँग्रेसने तो १८१४ मध्ये मान्य केला, आणि मग तीही जमीन केंटकीची देणी फेडायला विकावी लागली. मान्यता आली तेव्हा रिबेका हयात नव्हती.

मार्च १८१३ मध्ये ती जेमायमाच्या घरी होती. मेपलच्या रसाची साखर कढवण्याचे दिवस. रात्री गारठा, दिवसा ऊन, तेव्हाच झाडातून रस पाझरतो. मग मोठ्या कढयांखाली दिवसरात्र जाळ. चाळीसेक शेर रस आटवावा तेव्हा शेरभर पाक. आमच्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणासमोर बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तो धूर, ते जागरण अंगाला कसं लागतं ते ठाऊक आहे. ७४ वर्षांची रिबेका त्या कामात होती, आजारी पडली, आणि १८ मार्चला गेली.

टेकडीवरचं ते जुनं दफनस्थान लहान आहे. डॅनियल २६ सप्टेंबर १८२० ला गेला आणि इथेच पुरला गेला. १८४५ मध्ये केंटकीच्या लोकांनी दोघांचे अवशेष उकरून आपल्या राजधानीत, तिथल्या फ्रँकफर्टला नेले आणि मोठा समारंभ केला. मिझुरीचे लोक अजून म्हणतात की नेली ती हाडं भलत्याचीच, डॅनियल इथेच आहे. मला त्या वादात रस नाही. ती माती जेमायमाच्या घराजवळची आहे, आणि रिबेकाने शेवटचं जेवण इथल्या चुलीवरचं घेतलं.

नातीने तिथे बसून मिझुरी नदीच्या सपाटीचं चित्र काढलं. मका कंबरेपेक्षा वर आला होता. तिने विचारलं, ही जमीन आधी कुणाची? ओसाज लोकांची. १८०८ च्या तहात त्यांनी मिझुरीचा मोठा भाग सोडला. ओहायोकडून रेटले गेलेले शॉनीसुद्धा या प्रदेशात येऊन राहिले होते, आणि १८२५ च्या तहाने त्यांना पुढे कॅन्ससकडे ढकललं. ज्यांनी डॅनियलला कासव म्हटलं त्यांचे लोकही या प्रदेशात आले आणि इथूनही उठवले गेले.

८ जुलै

अडलं आहे.

जेमायमा १८३४ मध्ये वॉरन परगण्यात वारली. तिची जागा तीच, पण परगणा दोनदा बदलला: आधी सेंट चार्ल्स, १८१८ मध्ये माँटगोमेरी, १८३३ मध्ये वॉरन. नात तीन परगण्यांत तीन वेगवेगळ्या जेमायमा शोधत बसली होती. तिला सांगितलं, माझे आजोबा वाळवा तालुक्यातल्या एकाच घरात जन्मले आणि वारले. पण १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यात, मग दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० पासून सांगलीत. कागद शोधायचा तो त्या वेळच्या कचेरीत.

आमच्या टंकलिखित कागदावर जेमायमाखाली तिची एक मुलगी आहे, ती पक्की. खालून आम्ही चौथ्या पिढीतल्या बाईपर्यंत पोचलो, तीही पक्की. १८५० च्या जनगणनेत ती नवऱ्याच्या घरी आहे, जन्म मिझुरी. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मध्ये, आई आणि मुलगी यांच्या मध्ये, काही नाही. लग्नाची नोंद मिळाली: वर, वधू, तारीख, लग्न लावणाऱ्या पाद्र्याची सही. आईबाप लिहायची पद्धतच नव्हती. नाव, वय, गाव जुळतं. पण या भागात बून, ब्रायन आणि कॅलवे यांच्या सोयरिकी इतक्या विणलेल्या आहेत, आणि घरोघरी तीच नावं इतक्यांदा ठेवलेली आहेत, की जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. एका नावाच्या दोन बाया मी सातबारावर एकत्र झालेल्या पाहिल्या आहेत. ते सोडवायला दोन पिढ्या कोर्टात गेल्या.

जावई म्हणाले, संकेतस्थळावर दोनशे जणांनी हीच साखळी लावली आहे. मी तासभर एकेक उघडून पाहिली. एकाकडेही कागद नाही. सगळ्यांचं मूळ एकच, आणि ते कुठूनतरी उतरवलेलं.

१२ जुलै

लाळेची चाचणी करावी का, असं लेक विचारते. नातीपासून रिबेका दहा पिढ्या मागे. त्या पातळीवर पूर्वजांच्या १,०२४ जागा. एकेकीचा वाटा सरासरी हजारात एक, आणि पुष्कळदा शून्य. आईकडून मुलीकडे जाणारा वेगळा धागा असतो, पण आमच्या साखळीत पाचव्या पिढीत पुरुष आहे, तिथे तो तुटतो. नातीच्या अंगातला तो धागा माझ्या लेकीचा, तिच्या आईचा, म्हणजे हिच्या आजीचा आणि तिच्या मागे कराडकडचा. हे ऐकून लेक बराच वेळ गप्प बसली. चाचणी नको असं ठरलं.

१९ जुलै

मोठा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आहे. रिबेका वर, शाईने. तिची आई पेन्सिलीने. दहा मुलं तारखांसकट. जेम्ससमोर चादरीची एक ओळ. ॲडम आणि चार्ल्स बाजूला, आणि खाली सात रिकाम्या चौकटी. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मध्ये नातीने तुटक रेघ काढली आहे, पेन्सिलीने. विहीणबाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, माझी आई खोटं बोलणारी नव्हती. मी म्हणालो, खोटं नाहीच. त्यांनी ऐकलं तसं टंकलं. आपल्याला फक्त वारसनोंद सापडायची आहे.

ती कुठे असू शकते ते लिहून ठेवतो. जेमायमाच्या त्या मुलीचा नवरा वारल्यावर त्याच्या मालमत्तेची वाटणी झाली असेल तर वारसांची यादी परगण्याच्या कोर्टात असणार, आणि त्यात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट असतात, कारण त्यांच्या हिश्शाची पावती नवराच द्यायचा. संगणकावर ती फाईल नाही. आज वॉरन आणि माँटगोमेरी अशा दोन्ही कचेऱ्यांना अर्ज पाठवले. आडनावाची पाचही स्पेलिंग लिहून दिली, सालाचा पट्टा वीस वर्षांचा दिला. नक्कल फी विहीणबाईंनी भरली. परतीचा पत्ता नातीच्या नावाचा. उत्तर मी गेल्यावर आलं तर लिफाफा फोनच्या कॅमेऱ्यासमोर उघडायचा, असं तिने कबूल केलं आहे.

आत्याला उद्या पुन्हा फोन करायचा. तिला आईचा धाकटा मामा आठवतो का, एवढंच विचारायचं. तो आईला कोणत्या नावाने हाक मारायचा?